कोपरावरची लाल लोकर

जुन्नरच्या जुन्या एसटी स्टँडच्या मागे, रसवंतीला लागून असलेल्या गाळ्यात, लोकांचे अर्ज टाइप करून देणारं एक केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव घालणं, नाव कमी करणं, प्रतिज्ञापत्रं, असली कामं. त्या गाळ्यातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत वृषाली नऊ वर्षं बसते आहे. माहेर मंचरचं, नवरा ज्ञानेश्वर नारायणगावला टोमॅटोच्या मार्केटात कामाला. दिवसभर दुसऱ्यांची नावंगावं टाइप करायची आणि दुपारी डबा खाऊन झाला की अर्धा तास मोबाईलवर गोष्ट लिहायची, हा तिचा नेम. गोष्टी वाचायच्या एका ॲपवर ती 'निशिगंधा' या नावानं लिहायची. ज्ञानेश्वर आणि दोन मावसबहिणी सोडल्या तर हे कुणाला ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला ती अवतीभवतीचंच लिहायची. कांद्याची वखार, मंचरचा बाजार, सासू-सुनांची धुसफूस. वाचक अकरा, आणि त्यातल्या दोन तिच्या मावसबहिणी. मग एकदा गंमत म्हणून तिनं पुढच्या काळातली गोष्ट लिहिली. सन २०९१. नळाच्या यंत्राला अंगठा लावल्याशिवाय पाणी येत नाही, आणि राबून राबून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या त्यांना पाणीच नाही. त्यातली कुसुम नावाची भांडी घासणारी बाई शेवटी वरवंटा घेते आणि ते यंत्र फोडते.

त्या भागाखाली निमगाव सावाच्या एका बाईंनी लिहिलं होतं, "माझा अंगठा रेशनच्या मशीनला लागत नाही. तीन महिने चकरा मारते. कुसुमनं वरवंटा उचलला तेवढा भाग मी तीनदा वाचला. त्या दिवशी जेवण गोड लागलं."

वृषालीनं ते पुन्हा पुन्हा वाचलं. तिला वाटायचं, असल्या गोष्टी लोक इथून लांब पळायला वाचतात. तसं नव्हतं. त्या बाईंना त्यात आपल्याच गावचं रेशन दुकान दिसलं होतं. फरक एवढाच, की तिथे कुणीतरी वरवंटा उचलला होता. आणि वर २०९१ लिहिलेलं असल्यामुळे वाचताना कुणाची भीतीही वाटत नव्हती.

त्यानंतर तिनं 'दिवेलागणीचा पाहुणा' लिहायला घेतली आणि तिचं नाव झालं. धरणाच्या पाण्यात बुडून गेलेला माधव रोज दिवेलागणीला घरी येतो. उंबऱ्यापाशी खाकरतो. बायकोला, केतकीला, 'सरकार' म्हणतो. उभ्या उभ्या अर्धी भाकरी खातो आणि दिवा शांत व्हायच्या आत पाण्याकडे परत जातो. त्याच्या अंगात हिरवा स्वेटर असतो आणि स्वेटरच्या एका कोपरावर लाल लोकरीचं ठिगळ. केतकीला हिरवी लोकर मिळाली नाही म्हणून तिनं लालनंच शिवलेलं.

चाळीस हजार लोकांनी ती वाचली. 'आज स्वेटर ओला होता का?' असं बायका विचारायच्या. कुणी लिहायचं, "आमचे हे गेले त्याला दोन वर्षं झाली, मी रोज तुमचा भाग वाचूनच दिवा लावते."

हे सगळं वाचताना वृषालीला गोड वाटायचं. पण त्या गोडाखाली एक खडा होता. तो कुठे आहे हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ती तिकडे जीभ नेत नव्हती.

सात वर्षांपूर्वी मढच्या बाजूच्या एका वाडीतून सोनीबाई नावाची बाई तिच्या खिडकीशी आली होती. सोबत दीर धर्माजी आणि तेरा वर्षांची मुलगी रत्ना. सोनीबाईचा नवरा गोकुळ मार्गशीर्षातल्या एका सकाळी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून धरणातली जाळी काढायला गेला, तो परतलाच नाही. ट्यूब काठच्या गवतात सापडली. चार दिवस पाण्यात शोधलं, माणूस सापडला नाही. पोलिसांत तक्रार झाली होती, आता तहसीलला अर्ज द्यायचा होता.

"अंगावर कपडे कोणते होते, मावशी?" वृषालीनं विचारलं होतं.

रत्ना तेव्हा बाहेर पायरीवर बसली होती. त्या एका प्रश्नावर सोनीबाई अर्धा तास बोलली. हिरवा स्वेटर, कोपराला लाल लोकर. जुन्नरच्या बाजारात त्या दिवशी हिरवी मिळालीच नाही. मग तो कसा खाकरून घरात यायचा, तिला सरकार म्हणून कसा चिडवायचा, कधी खाली बसून जेवायचा नाही. धर्माजी म्हणत होता, "वयनी, एवढं नगं सांगू, त्यांना कामं हायेत." वृषालीनं टाइप केली एकच ओळ. बाकीचं तिच्याजवळ राहून गेलं.

गोष्ट लिहिताना ते सगळं हाताशी आलं. तिनं स्वतःची समजूत काढली, की नाव कुठे घातलंय? गाव कुठे घातलंय? हिरवा स्वेटर काय जगात एकच असतो?

यंदाच्या मार्गशीर्षात गोकुळला जाऊन सात वर्षं पुरी झाली. अमावास्येच्या आधी चार दिवस, भर दुपारी, सोनीबाई आणि रत्ना पुन्हा तिच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. सोनीबाईच्या केसांत चांदी आली होती. रत्ना वीस वर्षांची, जुन्नरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला.

"ताई, वडिलांच्या कोर्टाच्या कामाचं प्रतिज्ञापत्र करायचंय," रत्ना म्हणाली. "सात वर्षं झाली की मयत धरतात ना, ते. वकिलांनी मजकूर दिलाय. सातबाऱ्याला वारस लागत नाही तोवर आमचं सगळंच अडलंय. पण आई सहीच करत नाही. तुम्ही तरी समजावून सांगा."

"का हो मावशी?"

सोनीबाई बाकावर बसली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "बाई, तुमच्या काम्पुटरात एक पत्ता सापडंल का?"

"कुणाचा?"

"निशिगंधा म्हून एक बाई हाय. मोबाईलात गोष्टी लिवती. ती कुटं ऱ्हाती, तेवढं बघा."

वृषालीचा हात माऊसवर होता, तो तिथेच राहिला.

रत्ना वैतागली. "माझीच चूक झाली, ताई. मला ते पुढच्या काळातलं, यंत्रांचं वाचायला आवडतं. त्या लेखिकेची ती अंगठ्याची गोष्ट मी कॉलेजात सगळ्यांना वाचायला लावली. मग तिची दुसरी निघाली, भुताच्या प्रेमाची. म्हटलं आईला करमणूक. रोज संध्याकाळी वाचून दाखवायला लागले. आणि त्यात वडिलांचा स्वेटर निघाला. तसलाच. मी म्हटलं योगायोग असेल. आई ऐकत नाही."

"योगायोग कसला गं?" सोनीबाई म्हणाली. "स्वेटर असंल योगायोग. सरकार बी योगायोग? हुबं ऱ्हाऊन खानं बी?" मग ती वृषालीकडे वळली आणि आवाज खाली आणून बोलली. "बाई, मी अडानी हाय, पर येडी न्हाई. मेलेला मानूस भाकर खाया येत नसतो, हे मला ठावं हाय. ह्यो बुडालाच न्हाई. ट्यूब सोडली आन् गेला कुटंतरी. त्या बाईसंगं ऱ्हातोय. त्यानंच सांगितल्याबिगर तिला हे कसं ठावं व्हईल? बसून सांगत असंल, माझी पयली बायकू अशी व्हती, मी तिला असं म्हनायचो. आन् ती लिवती."

वृषालीच्या मनात आलेल्या शंभर गोष्टींत ही नव्हती. सोनीबाईला भूत खरं वाटलं असतं, तर एक वेळ समजावता आलं असतं. तिनं तर सरळ हिशेबानं विचार केला होता, आणि तो हिशेब बरोबर होता. कुणीतरी सांगितल्याशिवाय कळणार नाही, हे खरंच होतं. पाण्यात गेलेल्या माणसाच्या माथी वृषालीनं दुसरी बायको मारली होती.

आत्ता सांगावं. आत्ताच. तिनं तोंड उघडलं.

"असला पत्ता इथे सापडत नाही, मावशी."

"बघा तरी."

"नाही सापडत."

दोघी गेल्या. सोनीबाईसाठी मागवलेला चहा तसाच राहिला होता, त्यावर साय धरली होती.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं ज्ञानेश्वरला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला. "नाव घातलंस का त्यांचं?"

"नाही."

"मग झालं तर. चाळीस हजार लोक वाचतात, कुणाला ना कुणाला आपलंच वाटणार."

"अहो, पण त्यांचंच आहे ते."

त्यानं मोडलेली भाकरी ताटात ठेवली. म्हणाला, "मग गोष्टच अशी संपव, की ती बाई मोकळी होईल."

वृषालीला ते पटलं. खरं म्हणजे तिला सुटकेची वाट हवी होती, आणि ही वाट सोपी होती. समोर जायला लागणार नव्हतं. तीन दिवस दुपारच्या सुट्टीत बसून तिनं शेवटचा भाग लिहिला. माधव शेवटचा येतो आणि म्हणतो, सरकार, आता मला जाऊ द्या, मी त्याच दिवशी गेलो होतो. केतकी दिवा स्वतःच्या हातानं शांत करते. लिहिताना वृषाली रडली, आणि आपण किती चांगलं करतो आहोत असंही तिला वाटलं.

वाचक भडकले. 'असा कसा शेवट?' 'आमच्याकडून त्याला हिरावून घेतलंत.' ती वाट बघत होती रत्नाची. आठवड्यानं रत्ना आली, एकटीच, कॉलेज सुटल्यावर.

"ताई, ते प्रतिज्ञापत्र राहू द्या आता. आई काही करत नाही."

"का? गोष्ट संपली ना ती?" वृषालीच्या तोंडून निसटलं.

रत्नाच्या ते लक्षात आलं नाही. "संपली, तेच तर. शेवट ऐकला आणि आई ताडकन उठली. म्हणते, बघ, ती बाई मला म्हणती की सोड त्याला. तिला त्यो पुरा पायजे. चार दिवस झाले नीट जेवली नाही. धर्माजीकाकांना म्हणते पोलिसांत चला, माझा नवरा पळवलाय."

वृषालीनं विचारलं, "रविवारी घरी आहेत का तुझ्या आई?"

"आहे की. का?"

"मी येते."

रविवारी सकाळची मढची एसटी तिनं धरली. सात वर्षांपूर्वीच्या अर्जाची प्रत केंद्राच्या जुन्या फाइलीतून काढून पिशवीत घेतली होती. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायला लागलं तसं तिनं तोंड फिरवलं. हे पाणी तिनं एवढ्या वेळा लिहिलं होतं आणि बघितलं नव्हतं कधी. तिच्या गोष्टीत ते निळं होतं. इथे ते मातकट, काठाला गवत आणि गाळ, आणि दोन माणसं ट्यूबवर बसून जाळी ओढत होती.

सोनीबाई अंगणात नाचणीची कणसं बडवत होती. वृषालीला बघून थांबली. "अवो बाई, तुमी? रत्ने, पानी आन. पत्ता सापडला व्हय?"

"सापडला, मावशी." वृषाली खाली जमिनीवरच बसली. "निशिगंधा मीच आहे."

सोनीबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नजर मंगळसूत्रावर थांबली. त्या नजरेत काय होतं ते वृषालीला कळलं.

"नाही, नाही, मावशी. मी त्यांना कधी बघितलंसुद्धा नाही. माझे मिस्टर नारायणगावला कामाला असतात. हे सगळं तुम्हीच मला सांगितलं होतं. अर्ज करायला आला होतात तेव्हा."

"मी?"

"तुम्ही. अर्धा तास बोलत होतात. हे बघा." तिनं प्रत पुढे केली. रत्ना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती पुढे आली, कागद घेतला आणि वाचला. 'अंगावर हिरव्या रंगाचा स्वेटर, उजव्या कोपरास लाल लोकर.' खाली तारीख, केंद्राचा शिक्का.

"मला काय बी आठवत न्हाई," सोनीबाई हळू म्हणाली. "मी बोलले असंल? त्या दिसांत मी कुनाला काय बोलले..."

"बोललात. सरकार म्हणायचे, तेही. उभ्यानं जेवायचे, तेही. मी फक्त एक ओळ टाइप केली आणि बाकीचं... बाकीचं माझ्याकडे राहिलं. ते मी न विचारता लिहिलं. चुकलं माझं."

सोनीबाईनं हातातलं दांडकं बाजूला ठेवलं. मग विचारलं, "म्हंजे त्यो तुमाला भेटला न्हाई?"

"नाही."

"कुनालाच भेटला न्हाई?"

वृषालीनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग गेला की वो त्यो."

आणि सोनीबाई रडायला लागली. सात वर्षांपूर्वी खिडकीशी ती रडली नव्हती, नुसती बोलत होती. आता नाचणीच्या राशीवर पालथी पडल्यासारखी वाकून रडली. शेजारच्या घरातून कुशाबाई नावाची म्हातारी बाहेर आली आणि काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

"गोष्ट ऐकाया लागल्यापून सात म्हयनं त्यो जित्ता व्हता," सोनीबाई मधेच म्हणाली. "दुसरीच्या घरी का व्हईना, व्हता. मी शिव्या द्यायचे त्याला भाकरी थापताना. लई बरं वाटायचं."

वृषाली जे टाळत आली होती ते तिच्यासमोर होतं. खरं सांगितलं की आपलं ओझं उतरेल, असं ती एसटीत स्वतःला सांगत आली होती. तिनं खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यानं या अंगणात गोकुळला दुसऱ्यांदा बुडवलं.

रत्ना कागद हातात धरून तशीच उभी होती. "ताई, मी तुमच्या गोष्टींची किती वाट बघायची," ती म्हणाली. "त्यातल्या माणसांवर केवढा अन्याय होतो आणि ती उठतात, लढतात, म्हणून मला आवडायच्या. मला वाटायचं, लिहिणारी आपल्या बाजूची आहे."

"मी पूर्ण गोष्ट काढून टाकते. आजच."

"टाका. तुमची मर्जी."

"नगं," सोनीबाई म्हणाली. तिनं डोळे पुसले. "पुसू नगा. बाया वाचत्यात. रत्ना मला खालचं बी वाचून दावायची, त्या बाया काय काय लिवत्यात ते. मला बी ग्वाड लागायची, खरं सांगते. खरा आला असता तर मी आधी भांडले असते, इतकं दीस कुटं व्हतास म्हून. गोष्टीतला आला का, नुसती भाकर वाढायची. कायबी इचारायचं न्हाई. असं कुटं मिळतं? पर स्वेटर काढा त्यातला. त्यो मी इनलाय. आन् सरकार काढा. ते मला म्हनायचा त्यो, त्या केतकीला न्हाई."

"काढते."

"आन् शेवट तुमी माझ्यासाठी लिवला ना?"

वृषालीनं मान खाली घातली.

"मला वाटलंच कायतरी. माझ्यासाठी म्हून कायबी नगा लिवू. आदी घेतलं बी न इचारता, आन् दिलं बी न इचारता."

कुशाबाईनं वृषालीला चहा घ्यायचा आग्रह केला. तो कोरा चहा तिनं संपवला. दुपारच्या एसटीला तिला सोडायला कुणी आलं नाही.

गोष्टीतला स्वेटर काढायला तिला नऊ दिवस लागले. चौसष्ट भाग होते. स्वेटर काढला की प्रसंग ढासळायचा. 'सरकार' काढलं की माधवला बोलायलाच काही उरेना, तो मुका झाल्यासारखा वाटायचा. तेव्हा तिला कळलं, की या गोष्टीत तिचं स्वतःचं फार थोडं होतं. शेवटचा भागही तिनं काढला. वाचकांनी विचारलं, माधवचा स्वेटर कुठे गेला? निशिगंधानं उत्तर दिलं, "तो दुसऱ्यांचा होता. विचारल्याशिवाय घेतला होता, परत केला." लोकांना ते कोड्यासारखं वाटलं, आणि कुणी कुणी त्यावर बदामाची चित्रं टाकली. ती बघून तिला जास्तच शरम वाटली.

पौष सरता सरता वाडीवर गोकुळचं दिवसपाणी करून घेतलं. माणूस सापडला नव्हता म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, असं धर्माजी एकदा सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला. वृषालीला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं काही नव्हतंही.

माघात सोनीबाई प्रतिज्ञापत्रासाठी आली. बाकावर बसली, पाणी प्यायली. वृषालीनं वकिलाचा मजकूर टाइप केला. 'माझे पती गोकुळ' इथपर्यंत आली आणि तिनं विचारलं, "मावशी, अजून काही लिहायचं आहे का त्यात?"

"न्हाई. कोर्टाला पायजे तेवढंच लिवा."

सोनीबाईनं सही केली. एकेक अक्षर सुटं, रत्नानं शिकवलेलं. वृषालीनं शिक्का मारून कागद दिला. सोनीबाईनं तो घडी घालून पिशवीत ठेवला आणि उठताना म्हणाली, "ती अंगठ्याची गोष्ट फुडं लिवली का? रत्ना वाचत न्हाई आता. पर इचारत व्हती कोनतरी कॉलेजातली."

"नाही लिहिली."

"बरं. मढची गाडी किती वाजता?"

"सव्वातीनला."

ती पायऱ्या उतरली. रत्ना रसवंतीपाशी, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. आई आल्यावर तिनं पिशवी हातात घेतली आणि दोघी स्टँडकडे चालायला लागल्या. गाळ्याच्या खिडकीकडे रत्नानं बघितलं नाही.